‘दिसत नाही म्हणजे नाही’ हा युक्तिवाद आता सोडायला पाहिजे

आमच्या सांगली-सातारा पट्ट्यात वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलणारी माणसं कमी नाहीत. शाळेत, कॉलेजात, वाचनालयात, गणपतीतल्या व्याख्यानमालेत सुद्धा हा विषय होतो आणि प्रश्नोत्तराच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो, की सर तुम्ही म्हणता आत्मा दिसत नाही, भूत दिसत नाही, ती वास्तूतली ऊर्जा दिसत नाही म्हणून ते काही नाहीच, मग इलेक्ट्रॉन तरी कुठं दिसतो? तो का मानायचा? मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि मला हा प्रश्न अजिबात फालतू वाटत नाही, पण त्याला जे उत्तर दिलं जातं ते बहुतेक वेळा फार कच्चं असतं. उत्तर असं, की इलेक्ट्रॉन प्रयोगानं सिद्ध झालाय. समोरचा म्हणतो आमचंही सिद्ध झालंय, एकवीस दिवस करून बघा, अनुभव येईल. मग आपण म्हणतो अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, तो म्हणतो मग प्रयोग म्हणजे तरी काय, शेवटी कुणाचा तरी अनुभवच ना. इथं गाडी अडते, आणि हॉलमधली निम्मी माणसं मनातल्या मनात त्याच्या बाजूनं झालेली असतात.

ह्याच्या मागं एक जुनं तत्त्वज्ञान आहे, पॉझिटिव्हिझम, मराठी पुस्तकांत प्रत्यक्षार्थवाद म्हणतात त्याला. थोडक्यात असं, की ज्ञान म्हणजे निरीक्षणातून मिळतं तेवढंच, त्याच्या पलीकडचं जे काही बोललं जातं ते एकतर सोयीसाठी धरलेलं नाहीतर निरर्थक. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात हे मत मागच्या शतकाच्या मध्यावरच मागं पडायला लागलं आणि आज ते जसंच्या तसं मांडणारा तत्त्वज्ञ शोधून सापडायचा नाही. पण आपल्या सार्वजनिक बोलण्यात ते अजून ठणठणीत आहे, विवेकवादी कार्यकर्त्यांच्या भाषणात आहे, सरकारी बैठकीत आहे, कृष्णेला पूर आला की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तोंडी आहे. माझं म्हणणं असं, की त्यातला अर्धा भाग आपण सोडला पाहिजे आणि अर्धा जिवापाड जपला पाहिजे, आणि सध्या आपण उलटं करतोय, सोडायचा तो धरून बसलोय आणि जपायचा तो विसरत चाललोय.

सोडायचा भाग कुठला ते आधी. ऑग्यूस्त काँत हा फ्रेंच माणूस, ह्या सगळ्याचा मूळपुरुष, त्यानं १८३० ते १८४२ ह्या काळात सहा खंडांत आपलं तत्त्वज्ञान मांडलं. माणसाचा विचार आधी देवधर्माच्या टप्प्यातून जातो, मग अमूर्त तत्त्वांच्या, आणि शेवटी शास्त्रीय टप्प्यावर येतो जिथं माणूस ‘मूळ कारण काय’ हे विचारणं सोडतो आणि घटना एकामागोमाग कुठल्या नियमानं घडतात एवढंच बघतो, असं त्याचं म्हणणं. मोठा माणूस, त्याच्या काळात हे म्हणायला धाडस लागत होतं. पण १८३५ मध्ये त्यानं असं लिहिलं, की ताऱ्यांचा आकार, अंतर, गती आपण काढू शकू, पण तारे रासायनिकदृष्ट्या कशाचे बनलेत हे आपल्याला कधीही कळणार नाही. कारण सरळ, तिथं जाऊन नमुना आणता येत नाही.

काँत १८५७ मध्ये गेला. त्यानंतर दोनतीन वर्षांत किर्खहोफ आणि बुन्सेन ह्या दोघांनी जर्मनीत दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की प्रकाशात स्वतःच्या ठराविक रेषा टाकतं, म्हणजे प्रकाश चिरून बघितला की तो कशातून निघाला ते कळतं. आणि मग १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आलं, त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि जमखंडी, विजापूर करत गुंटूरकडं गेला. जमखंडी म्हणजे तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान, सांगली-मिरजेच्या पटवर्धनांचंच घराणं, आमच्याकडच्या कितीतरी लोकांची सोयरीक अजून त्या बाजूला आहे. तिथं लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बिणीला वर्णपट बघायचं यंत्र लावून बसला होता, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. ढग मध्येमध्ये येत होते. सूर्य झाकल्यावर काठावरच्या ज्वाळेवर त्यानं यंत्र धरलं तर सलग रंगपट्टा न येता सुट्या झगझगीत रेषा आल्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. काँतनं कायमचं बंद म्हणून सांगितलेलं दार त्या दिवशी आपल्याच मुलखात आणखी थोडं उघडलं, आणि ही गोष्ट आमच्या एकाही शाळेत सांगितली जात नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

त्यातलं खरं महत्त्वाचं पुढंच आहे. त्या रेषांमधली एक पिवळ्या भागात होती, आणि ग्रहण बघणाऱ्यांतल्या पुष्कळांनी ती सोडियमचीच धरली, कारण त्या जागेच्या जवळ सोडियमच्या रेषा असतात हे डोक्यात होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात लॉक्यर ह्या खगोलशास्त्रज्ञानं ग्रहण नसताना सूर्याच्या काठाची मापं घेतली तेव्हा ती सोडियमच्या रेषांशी जुळेना, जरा बाजूला पडत होती. मग पृथ्वीवर माहीतच नसलेलं मूलद्रव्य सूर्यात आहे असं म्हणायची वेळ आली, हेलियम. ते पृथ्वीवर रॅम्झी ह्या रसायनशास्त्रज्ञाला सापडलं १८९५ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. आता मला सांगा, ह्या सत्तावीस वर्षांत हेलियम ‘दिसलं’ होतं का? दिसली होती ती एक रेघ. रेघ सगळ्यांनी बघितली, सोडियम म्हणून बघितली, नवीन पदार्थ म्हणून बघितली, पण हेलियम कुणीच बघितलं नव्हतं आणि तरी ते होतं. ‘दिसेल तेवढंच खरं’ हा नियम तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांनी काटेकोर पाळला असता तर ती रेघ वहीत टिपून विषय संपला असता.

अणूच्या बाबतीत हेच जास्त कडवटपणे झालं. एर्न्स्ट माख हा ऑस्ट्रियातला फार मोठा भौतिकशास्त्रज्ञ, ध्वनीच्या वेगाच्या संदर्भात माख नंबर म्हणतो तोच हा, त्याला अणू मान्य नव्हते. अणू म्हणजे हिशेबाची सोय, खरे पदार्थ नव्हेत, आणि कुणी अणूंबद्दल बोललं की तुम्ही एक तरी बघितलाय का असं तो विचारायचा म्हणतात. ओस्टवाल्ड नावाचा रसायनशास्त्रज्ञही त्याच बाजूचा. हे अडाणी लोक नव्हते, त्यांचा आग्रह प्रामाणिक होता आणि विज्ञानात भाकडकथा शिरू नयेत ह्याच कळकळीतून आला होता, आणि माखच्या ह्याच कडक सवयीचा तरुण आईनस्टाईनला फायदा झाला, वेळ म्हणजे काय, ती मोजतात कशी असा प्रश्न विचारायची हिंमत त्याला तिथून मिळाली असं त्यानं स्वतः मान्य केलंय. पण अणूबाबत माख चुकला.

तो का चुकला हे नीट समजून घेतलं तर हॉलमधल्या त्या इलेक्ट्रॉनवाल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. १९०५ मध्ये आईनस्टाईननं गणित मांडलं, की पाण्यात तरंगणारे बारीक कण जे सारखे थरथरतात ते पाण्याच्या रेणूंचे धक्के बसून, आणि असं असेल तर ते कण किती वेळात किती सरकतील ह्यावरून ठराविक वजनाच्या पदार्थात रेणू किती हे मोजता येईल. १९०८ पासून झाँ पेरँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं डिंकासारख्या राळेचे बारीक गोळे करून सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास मोजले. आकडा आला सहावर तेवीस शून्यं, त्याच्या आसपास. एवढ्यावर त्यानं सोडलं नाही. १९१३ च्या आपल्या पुस्तकात त्यानं तेराएक वेगवेगळे रस्ते एकत्र मांडले, वायूंचा चिकटपणा, आकाशाचा निळा रंग, किरणोत्सर्ग, तापलेल्या वस्तूचा प्रकाश, विद्युतभार, ज्यांचा एकमेकांशी वरवर बघता काडीचा संबंध नाही. सगळ्यांतून साधारण तोच आकडा. रेणू नुसती हिशेबाची सोय असते तर आकाशाच्या निळ्या रंगाला आणि राळेच्या गोळ्यांना एकच आकडा सांगायचं काय कारण होतं? ओस्टवाल्डनं १९०९ मध्येच जाहीरपणे मान्य केलं की अणू आहेत. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं.

तर त्या प्रश्नाला माझं उत्तर असं असतं. दादा, इलेक्ट्रॉन दिसतो म्हणून आम्ही तो मानत नाही. तो मानतो कारण त्यानं स्वतःला दहा ठिकाणी पणाला लावलंय, थॉमसनच्या १८९७ च्या नळीत, मिलिकनच्या तेलाच्या थेंबात, तुमच्या मोबाईलच्या चिपमध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे आकडे एकमेकांशी जुळतात, एका ठिकाणी जरी जुळले नसते तरी गडबड झाली असती. तुमची जी ऊर्जा आहे ती कुठल्या दोन वेगळ्या रस्त्यांनी मोजली तर एकच आकडा देते ते सांगा. दोन वास्तुतज्ज्ञांना एकमेकांची गाठ न घालून देता एकाच घरात सोडा आणि दोघं तीच जागा दाखवतात का बघू. न दिसणाऱ्या गोष्टीला आमचा विरोध नाही, कुठल्याच परिस्थितीत खोटी ठरणार नाही अशा गोष्टीला आहे. असं बोललं की निदान वाद पुढं सरकतो, आणि समोरच्या माणसाला आपण मूर्ख ठरवलंय असं वाटत नाही, ते पण महत्त्वाचं आहे.

आपल्याकडं हा वाद नवा पण नाही. चार्वाकांनी प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानलं, अनुमान नाकारलं, कारण धूर दिसला तिथं दर वेळी आग असतेच ह्याची खात्री कोण देणार. त्यावर उदयनाचार्यांनी हजारएक वर्षांपूर्वी जे उत्तर दिलं ते मला अजून भारी वाटतं, की शंका जरूर घ्या पण तुमच्या स्वतःच्या वागण्याशी ती भांडायला लागली की तिथं तिची हद्द संपली, धूर पाहिजे असला की तुम्ही सुद्धा आगच पेटवता ना. वाईला प्राज्ञपाठशाळेत आणि पुढं विश्वकोशात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जुनं न्यायदर्शन, म्हणजे आपलं तर्कशास्त्र, आणि नवा विवेकवाद दोन्ही एका हातात धरले, आणि कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी मिल-स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून त्याच्याही आधी इथल्या रूढींना प्रश्न विचारले (टेंभू म्हटलं की आता उपसा सिंचनच आठवतं लोकांना, आगरकर नाही). सांगायचा मुद्दा, पुरावा म्हणजे काय ह्याचा विचार आपल्या मातीत बराच खोल झालेला आहे, आपल्याला एका वाक्यावर अडून बसायचं कारण नाही.

आता जपायचा भाग. त्यासाठी व्हिएन्नाला जावं लागतं. १९२० च्या दशकात तिथं मॉरित्झ श्लिक, रुडॉल्फ कार्नाप, ओटो नॉयराथ, हान्स हान अशी मंडळी जमायची, भौतिकी, गणित, अर्थशास्त्र सगळीकडची. १९२९ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला. विधान निरीक्षणानं पडताळता येत असेल किंवा निव्वळ तर्क-गणिताचं असेल तरच त्याला अर्थ, बाकी सगळं निरर्थक, ही त्यांची प्रसिद्ध कसोटी. ती टिकली नाही. एक तर ‘तापवल्यावर सगळं तांबं प्रसरण पावतं’ हे साधं वाक्य सुद्धा तिच्यात पास होत नाही, जगातलं सगळं तांबं कोण तापवून बघणार, आणि दुसरं म्हणजे ती कसोटी स्वतःच ना निरीक्षणानं पडताळता येते ना गणितानं. कार्नापनं १९३६-३७ मध्ये स्वतःच ती सैल केली. पॉपर ह्या तत्त्वज्ञानं १९३४ मध्येच सांगितलं होतं की पडताळण्यापेक्षा खोटं ठरवता येतं का ते बघा. क्वाइन ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९५१ मध्ये दाखवलं की एकटं वाक्य कधी तपासलं जातच नाही, त्याच्याबरोबर आपल्या समजुतींचं अख्खं लटांबर तपासलं जातं. आणि १९६२ मध्ये थॉमस कून आला, विज्ञानाची विचार करायची चौकटच अधूनमधून बदलते असं सांगणारं पुस्तक घेऊन.

हे सगळं तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, आणि म्हणून आज समाजशास्त्राच्या वगैरे डिपार्टमेंटला कुणाला पॉझिटिव्हिस्ट म्हणणं ही जवळपास शिवी झालीय, ते मला अजिबात पटत नाही. ही माणसं कोण होती ते बघा ना. नॉयराथ व्हिएन्नातल्या कामगारांसाठी संग्रहालय चालवत होता, घरं, पगार, बालमृत्यू, असले आकडे निरक्षर माणसाला पण कळावेत म्हणून चित्रांची भाषा तयार करत होता. ह्या मंडळींना गूढ शब्दांचा राग होता कारण त्यांच्या आजूबाजूला रक्त, वंश, राष्ट्राचा आत्मा असल्या शब्दांवर राजकारण तापत होतं आणि ते शब्द वापरणाऱ्याला कुणी विचारू शकत नव्हतं की बाबा ह्याचा नेमका अर्थ काय, हे खोटं असतं तर जगात काय वेगळं दिसलं असतं. १९३४ मध्ये सरकारनं त्यांची माखच्या नावाची संस्था बंद केली. १९३६ मध्ये श्लिकला त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या जिन्यावर गोळ्या घातल्या, आणि नाझी आल्यावर १९३८ मध्ये तो खुनी शिक्षा पूर्ण न करताच सुटला. साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. दोन्ही खुनांची कारणं, परिस्थिती वेगळी आहे, ओढूनताणून तुलना मला करायची नाही. पण ‘ह्याचा अर्थ काय, पुरावा काय’ एवढं शांतपणे विचारत राहणं हा नुसता पुस्तकी उद्योग असतो असं कुणी म्हणालं तर मला ही दोन्ही माणसं आठवतात.

आणि दाभोलकरांच्या कामात मला पॉझिटिव्हिझमचा जपण्यासारखा भाग अगदी स्वच्छ दिसतो. व्हिएन्नाहून परतलेल्या एअर ह्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९३६ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं की देवाबद्दलची वाक्यं निरर्थक आहेत, विषय संपला. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, अंनिसनं, हे कधी केलं नाही. देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, ही भूमिका. काहींना ती पळवाट वाटते, मला ती तत्त्वज्ञान म्हणून सुद्धा एअरपेक्षा पक्की वाटते, कारण तिनं अर्थ-निरर्थाच्या न सुटणाऱ्या वादात न पडता जे तपासता येतं तेच तपासायला घेतलं.

२००८ चं उदाहरण सांगतो. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या कुंडल्या, शंभर हुशार विद्यार्थी, शंभर मतिमंद मुलांच्या शाळांतले. ज्योतिषांना विचारलं, प्रत्येकाला चाळीस कुंडल्या देतो, कुठली कुणाची एवढंच सांगा. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती त्याच्यापेक्षा जास्त नाही. एका संस्थेनं सगळ्या दोनशे बघितल्या, १०२ बरोबर. २००९ मध्ये हे ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. ह्यात कुठंही ‘ग्रहांचा परिणाम दिसत नाही म्हणून नाही’ असं म्हटलेलं नाही, ग्रहांकडून कुठलं बल येतं ह्या वादात पण कुणी पडलं नाही. तुमचा दावा काय, तो खरा असेल तर काय दिसायला पाहिजे, ते आधी ठरवू, आणि मग दोघं मिळून बघू. हे व्हिएन्नावाल्यांचं खरं देणं आहे, त्यांची कसोटी पडली तरी ही सवय पडली नाही. आणि माझी तक्रार अशी आहे की आपल्या व्याख्यानांत टाळ्या मिळवणारं ‘दिसत नाही म्हणजे नाही’ राहिलं आणि अशा चाचण्या करणं मात्र कमी झालं, कारण त्याला वेळ लागतो, आकडेमोड लागते, समोरच्याला बरोबर घ्यावं लागतं.

कूनचं नाव घेतलं तर थोडं त्याच्याबद्दल पण. त्याचं पुस्तक वाचून किंवा न वाचताच लोक म्हणतात विज्ञान पण एक श्रद्धाच, चौकट बदलली की सत्य बदलतं. कूननं असं सरसकट कुठं म्हटलेलं नाही, आणि गंमत म्हणजे त्याचं पुस्तक पहिल्यांदा निघालं ते नॉयराथ-कार्नाप मंडळींच्याच ग्रंथमालेत आणि संपादक कार्नापला ते आवडलं होतं. तेव्हा पॉझिटिव्हिझम मेला आणि त्याच्या प्रेतावर सापेक्षतावाद उभा राहिला ही गोष्ट जितकी रंगवून सांगतात तितकी खरी नाही. आजही फान फ्रासेनसारखा तत्त्वज्ञ म्हणतो की विज्ञानाचं काम दिसणाऱ्या घटनांशी जुळणारे सिद्धांत देणं एवढंच, न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायची सक्ती नाही. मला ते पटत नाही, पेरँच्या तेरा रस्त्यांपुढं ते मला तोकडं वाटतं, पण ते मत अभ्यासून मांडलेलं आहे.

निरीक्षण सुद्धा तितकं निरागस नसतं हे आमच्या द्राक्षबागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. तासगावकडं डावणीवर, म्हणजे द्राक्षाच्या पानांवरच्या रोगावर, बोर्डो मारतात, मोरचूद आणि चुना. हे औषध सापडलं कसं, तर १८८२ मध्ये फ्रान्समध्ये बोर्डोजवळ मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला रस्त्याकडेच्या वेलींची पानं टिकलेली दिसली, आतल्या बागेची डावणीनं गळून गेलेली. रस्त्याकडेला द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून लोक मोरचूद-चुना शिंपडायचे, निळं विषारी दिसावं म्हणून. त्या रस्त्यानं शेकडो माणसं गेली असतील, पानं सगळ्यांनी बघितली, पण डावणी ही बुरशी आहे आणि ती पानावर कशी उगवते हे ज्याच्या डोक्यात होतं त्यालाच त्या पानांत काहीतरी दिसलं. १८८५ मध्ये त्यानं ते छापलं. कोऱ्या डोक्यानं निरीक्षण कर असं पाठ्यपुस्तक पोरांना शिकवतं, ते चूक आहे.

आणि कारण विचारू नका, फक्त काय कशामागून येतं ते बघा, हा काँतचा सल्ला पाळला असता तर कोयनेचं काय केलं असतं आपण? १९६२ च्या सुमाराला धरणात पाणी साठायला लागलं आणि परिसरात बारीक धक्के सुरू झाले. दख्खनचं पठार स्थिर आहे ही तेव्हाची पक्की समजूत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे मोठा भूकंप झाला, सहाच्या वरचा, सुमारे १८० माणसं गेली. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्के वाढतात हा संबंध नोंदीत दिसतो, पण नुसता संबंध घेऊन शेजारच्या वारणेबद्दल काय बोलणार? तिथं १९८५ पासून पाणी साठलं आणि नव्वदच्या दशकात धक्के वारणेकडं सरकले. खडकांच्या फटींत पाण्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणलेला भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकते, ही न दिसणारी यंत्रणा धरल्याशिवाय एका धरणावरून दुसऱ्या धरणाबद्दल शहाणपणानं काहीच म्हणता येत नाही. म्हणून तर कऱ्हाडला संशोधन केंद्र काढून गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, काळ्या बेसाल्टच्या खाली ग्रॅनाइटपर्यंत, आत काय चाललंय ते मोजायला. पाटणच्या माणसाला कारण पाहिजे असतं, त्याचं घर तिथं आहे.

सगळ्यात जास्त हे मला लागतं ते पुराच्या वादात. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. लोक म्हणतात हा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणानं अडवलेलं पाणी मागं इथपर्यंत तुंबतं, आम्ही डोळ्यानं बघितलंय. सरकारनं वडनेरे समिती नेमली, तिनं अभ्यास करून सांगितलं की अलमट्टीमुळं हा पूर आला नाही. तेव्हापासून एक बाजू म्हणते डोळ्यानं बघितलेलं खोटं कसं, दुसरी म्हणते डेटा बघा. दोघांचा समज एकच, की पुरावा म्हणजे जे समोर आहे ते, त्यात अर्थ लावायचा भाग काही नाही.

पण डोळ्यानं बघितलं काय? पाणी उतरत नाही, संथ उभं आहे, हे बघितलं, आणि ते शंभर टक्के खरं आहे, माझ्या स्वतःच्या गल्लीत ते उभं होतं. फुगवटा मात्र कुणी बघितला नाही, तो काढलेला निष्कर्ष आहे. हरिपूरला वारणा येऊन मिळते, नरसोबावाडीला पंचगंगा, त्या तुडुंब असतील तरी सांगलीचं पाणी असंच उभं राहील, नदीचा उतार मुळात कमी, वळणं भरपूर, पुलांचे भराव, पात्रातली बांधकामं. उलट बाजूला, मॉडेल म्हणजे पण काही डोळ्यानं बघितलेला डेटा नव्हे. नदीच्या मॉडेलमध्ये मॅनिंगचा गुणांक म्हणून एक आकडा घालावा लागतो, पाण्याला पात्र किती अडवतं त्याचा. स्वच्छ पात्राला ०.०३ च्या आसपास, दाट झाडोरा असेल तर ०.१ पर्यंत सुद्धा जातो. आमच्या नदीकाठी उभा ऊस, वेड्या बाभळी, गाळ, त्याला किती धरायचा? तो थेट मोजता येत नाही, जुन्या पुराशी उत्तर जुळेपर्यंत फिरवून बसवतात, आणि वेगवेगळ्या आकड्यांच्या जोड्या एकाच जुन्या पुराशी जुळू शकतात, मग पुढच्या पुराबद्दल त्या वेगवेगळं सांगतात. क्वाइन जे १९५१ मध्ये म्हणाला ते आमच्या गावभागात असं येऊन उभं राहतं, की मॉडेल चुकलं तर नेमकं काय चुकलं, पावसाचा आकडा, विसर्गाचा, उताराचा का उसाचा?

म्हणून ‘डेटा बघा’ म्हणून लोकांचं तोंड बंद करणं मला मान्य नाही, आणि ‘आम्ही बघितलंय’ म्हणून अभ्यास फेकून देणंही मान्य नाही. कुणाचं बरोबर हे मी इथं सांगत नाहीये, माझी मागणी वेगळी आहे. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय समोर आहे, उद्या त्यावर आणखी अहवाल येतील, आणखी मोर्चे निघतील. त्याआधी पाटबंधारे खात्यानं मॉडेल उघडं करावं, नदीच्या कुठल्या टप्प्याला कुठला गुणांक धरला, पात्राची मापं कुठल्या सालची, तासावार विसर्ग पाणी मोजायच्या कुठल्या केंद्राचा, सगळं. धरणाची पातळी ऑगस्टमध्ये समजा दोन मीटर खाली ठेवली तर हिप्परगी, राजापूर बंधारा आणि आयर्विन ह्या तिन्ही ठिकाणी किती फूट फरक पडेल ते आकडे मे महिन्यातच जाहीर करावेत, पाऊस पडायच्या आधी. आणि पूरग्रस्तांच्या कृती समित्यांनी पण लिहून द्यावं की कुठला फरक दिसला तर आम्ही अलमट्टीचा मुद्दा सोडू, तसंच खात्यानं लिहून द्यावं की कुठला दिसला तर आम्ही आमचा निष्कर्ष मागं घेऊ. दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच टेबलावर, कृष्णेला पाणी यायच्या आत.